भिंतीवर रोमानियातलं गाव: ग्रिगोरेस्कू घ्यावा की आंद्रेएस्कू?

रोमानियातल्या नदीकाठच्या निवांत गावाचं चित्र घरात लावायचं ठरवलंत, की शोध बहुधा दोन नावांपाशी येऊन थांबतो: निकोलाए ग्रिगोरेस्कू (१८३८–१९०७) आणि इऑन आंद्रेएस्कू (१८५०–१८८२). मूळ चित्रं आपल्या आवाक्याबाहेरची, तेव्हा निवड छापील प्रतीतूनच करायची. दोघांनाही जाऊन शंभराहून जास्त वर्षं झाली असल्यामुळे चित्रांवर कॉपीराइट उरलेला नाही.

नदीबद्दल आधीच सांगतो. दोघांच्याही गाजलेल्या चित्रांत नदीला मुख्य जागा नाही. ग्रिगोरेस्कू १८९० पासून प्राहोवा नदीच्या खोऱ्यातल्या कंपिना गावी राहिला. आंद्रेएस्कू बुझऊ नदीजवळच्या बुझऊ शहरात चित्रकला शिकवत होता. म्हणजे नदीकाठचा मुलूख दोघांच्याही रोजच्या पाहण्यातला. पण पाणीच पाणी हवं असेल, तर या दोघांकडे फार आशेनं जाऊ नका.

ग्रिगोरेस्कूनं पोरवयात देवादिकांची चित्रं रंगवण्यापासून सुरुवात केली, विशी ओलांडेपर्यंत आगापिया मठाच्या भिंती रंगवल्या आणि १८६१ मध्ये पॅरिस गाठलं. तिथून बार्बिझाँ, म्हणजे स्टुडिओ सोडून उघड्यावर निसर्ग रंगवणाऱ्यांचं गाव. मायदेशी त्याचं नाव झालं ते बैलगाड्यांमुळे: धुळीचा रस्ता, संथ चालणारे बैल आणि वर मोकळं आभाळ. उतारवयात त्याचे रंग फिके, पांढुरके होत गेले. भर दुपारच्या उन्हात डोळे किलकिले करून पाहिल्यासारखे. आज रोमानियाच्या दहा लेईच्या नोटेवर त्याचा चेहरा आहे. पाहुण्यांना तो पटकन आवडतो. मला खटकतो तो त्याचा गोडवा. बैलगाडी त्यानं इतक्यांदा रंगवली, की काही चित्रं थेट कॅलेंडरच्या वाटेला लागतात. शिवाय गाव शांत असलं तरी चित्रात कुणीतरी कुठंतरी निघालेलं असतं. त्या शांततेत गोष्ट आहे.

आंद्रेएस्कूकडे ती गोष्टही नाही. तोही १८७९ मध्ये फ्रान्सला गेला, बार्बिझाँला राहिला. पण क्षयानं बत्तिसाव्या वर्षी गेला. चित्रकार म्हणून त्याला जेमतेम दहाएक वर्षं मिळाली. त्याची गावं बसक्या घरांची, निष्पर्ण झाडांची, करड्या आभाळाखालची. माणसं असलीच तर लहान, बाजूला. पहिल्या नजरेत चित्र उदास वाटतं आणि घरातलं कुणीतरी नक्की विचारतं, ‘हे का आणलंस?’ महिनाभरानं तोच करडा रंग किती छटांचा आहे ते दिसायला लागतं. ‘निवांत’ या एकाच गोष्टीवर ठरवायचं तर माझं मत आंद्रेएस्कूला.

खोली मात्र पाहा. अंधाऱ्या दिवाणखान्यात तो आणखी मिटून जातो; तिथं ग्रिगोरेस्कूच बरा. भरपूर उजेडाच्या, फारशी वर्दळ नसलेल्या खोलीत आंद्रेएस्कू खुलतो. लहान मुलं घरात असतील तर बैलगाडीला तोड नाही, ती निदान त्यांना दाखवता तरी येते.

छपाईतही दोघांची दुखणी वेगळी. स्वस्त छपाईत ग्रिगोरेस्कूचे पांढुरके रंग पिवळट पडतात किंवा सपाट होतात. आंद्रेएस्कूच्या गडद छटा एकमेकींत मिसळून नुसता काळा डाग उरतो. चकचकीत कागद दोघांनाही मारक, मॅट कागदच मागा. पूर्ण मागवण्याआधी छोटा नमुना काढून घरच्या उजेडात पाहा.

आणि चित्राचं नाव नीट वाचा. आंद्रेएस्कूचं प्रसिद्ध हिवाळी गाव, १८८१ चं ‘बार्बिझाँचा हिवाळा’, हे फ्रान्समधलं आहे. ग्रिगोरेस्कूनंही फ्रान्समधलं वित्रे शहर पुष्कळ रंगवलं. चित्रकार रोमानियन म्हणून गाव रोमानियातलंच असेल असं धरून चालू नका. नावात कंपिना, बुझऊ, प्राहोवा असं काही दिसलं तरच खात्री.