जोड्या लावायच्या, चिठ्ठ्या टाकायच्या की तीच मुलं दोनदा घ्यायची?

सायकॉलॉजीच्या प्रोजेक्टचं डिझाईन (म्हणजे कुठली मुलं कुठल्या गटात घ्यायची ते) ठरवायचंय ना, मग समजा नववीची ४० मुलं आहेत आणि बघायचंय की शब्द नुसते घोकण्यापेक्षा गोष्टीत गुंफले तर जास्त लक्षात राहतात का.

तीच मुलं दोनदा घेणं सगळ्यात स्वस्त, मूल तेच त्यामुळे हुशार-ढ हा वादच नाही. पण गोष्टीची युक्ती एकदा कळली की पोरगं परत घोकेल कशाला? अर्ध्यांचा क्रम उलटा केलात तरी डोक्यात गेलेली युक्ती बाहेर थोडीच निघते, म्हणून इथे हा पर्याय बाद. रिअॅक्शन टाइमसारखं (इशाऱ्याला प्रतिसाद द्यायला लागणारा वेळ) काही मोजायचं असेल तर खुशाल घ्या.

चिठ्ठ्या टाकून २०-२० चे गट करणं सोपं, पण एवढ्याशा गटांत पाठांतरवाली बरीचशी एकाच बाजूला जाऊ शकतात. दोनशे मुलं असतील तर ही भीती खूप कमी, मग सारख्या-सारख्या मुलांच्या जोड्या लावायच्या भानगडीत पडूच नका.

४० मध्ये मात्र मी जोड्याच लावेन. आधी छोटी मेमरी टेस्ट, मार्कांप्रमाणे यादी, वरून दोन-दोन उचलायचे आणि कोण कुठल्या गटात ते प्रत्येक जोडीत नाणं उडवून, तुमच्या मर्जीने नाही!! मानसशास्त्रज्ञ बांडुराच्या १९६१ च्या बोबो बाहुलीच्या प्रयोगात (मोठ्यांना बाहुलीला मारताना बघून मुलंही तसंच करतात का) हेच होतं, स्टॅनफर्डच्या नर्सरीतली ७२ मुलं, एरवी किती मारकुटी आहेत याचं रेटिंग आधीच घेतलेलं, त्यावरून तिघातिघांचे संच, आणि मग कोण कुठे जाणार ते रँडम.

खरी मेख म्हणजे जोडी कशावर लावायची. बांडुराला आक्रमकता मोजायची होती, त्याने आक्रमकतेवरच लावली. वय, उंची हाताशी आहे म्हणून त्यावर लावलीत (नववीत वय असून असून किती वेगळं असणार?) तर फायदा शून्य आणि डिग्रीज ऑफ फ्रीडम (टी-टेस्टमध्ये धरायचा आकडा, तो घटला की फरक सिद्ध करणं अवघड) ३८ वरून १९ वर येतात ते वेगळंच. दोन-तीन गोष्टी एकदम जुळवायला गेलात तर जोड्याच जमत नाहीत, आणि टेस्टच्या दिवशी एकाने दांडी मारली की त्याचा जोडीदारही फुकट जातो, त्यामुळे चार-पाच जोड्या जास्तीच्या धरा.

अॅनालिसिसला पेअर्ड टी-टेस्टच (प्रत्येक जोडीतल्या दोघांमधला फरक बघणारी) लावा, दोन गट सुटे धरणारी साधी लावलीत तर जोड्या जमवायची सगळी मेहनत पाण्यात.