लोहाराच्या घरातून वाचलेला ‘गावगाडा’

तलाठी म्हणून मी पस्तीस वर्षं माण आणि खटाव तालुक्यांतली दप्तरं सांभाळली. रोज लिहीत होतो त्यातल्या निम्म्या शब्दांमागे काय आहे ते मला ठाऊक नव्हतं. निवृत्त झाल्यावर त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ हाती घेतला आणि पन्नास पानांतच वाटलं, हे पुस्तक नोकरीला लागलो त्याच वर्षी कुणीतरी द्यायला हवं होतं.

पुस्तक 1915 सालचं. आत्रे स्वतः महसूल खात्यातले, त्यामुळे लिहिणं कागद बघून आणि गावं फिरून आलेलं आहे. काळी म्हणजे कसायची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. पाटील, कुलकर्णी, गावाची कामं करणारे कारू-नारू, दारोदार फिरणारे फिरस्ते, या सगळ्यांचं एकमेकांशी आणि कुणब्याच्या धान्याशी काय नातं होतं, ते ते उलगडून सांगतात. भाषा जुनी आहे, वाक्यं लांब आहेत. घाईनं वाचायचं हे पुस्तक नव्हे. मी दिवसाला आठ-दहा पानं वाचली, पेन्सिल घेऊन.

बलुत्याच्या, म्हणजे वर्षभराच्या कामाबद्दल खळ्यावर मिळणाऱ्या धान्याच्या भागाशी मात्र मी आठवडाभर अडकलो. आमचं घर लोहाराचं. ज्वारीची मळणी झाली की वडील खळ्यावर जायचे आणि पोत्याचं तोंड धरायला मला न्यायचे. मालक सुपानं ज्वारी घालायचा. तिसऱ्या सुपाला त्याचा हात आखडायचा, तेव्हा वडील काही बोलायचे नाहीत, नुसते खळ्याकडे बघत उभे राहायचे. वर्षभर त्या घरचे नांगराचे फाळ शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून टोकाला धार लावून दिलेले, कुळवाच्या पाशी, म्हणजे लोखंडी पाती, नीट करून दिलेल्या, त्याचा तो मोबदला. 1972 च्या दुष्काळात खळीच पडली नाहीत. वडील खडी फोडायला दुष्काळी कामावर गेले आणि तिथल्या लोकांचे हातोडे दुरुस्त करू लागले, रोख पैशांवर. आमच्या घरातलं बलुतं तिथं संपलं. ही व्यवस्था आतून कशी पोकळ होत आली होती, हे आत्रे त्याच्या सत्तावन्न वर्षं आधी लिहून गेले होते. वाचताना अंगावर काटा आला.

बलुतेदारांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा तीन ओळी असत. कुणब्याचं ज्याच्यावाचून अडतं तो थोरल्या ओळीत. याद्या गावोगाव बदलतात, पण लोहार-सुतारांच्या बरोबरीनं महारही बहुतेक ठिकाणी थोरल्या ओळीत येतो आणि जोशी पुष्कळदा धाकट्या. खळ्यावर पहिल्या मानाचा माणूस पाणवठ्यावर मात्र हात लावू शकत नव्हता. माझं या पुस्तकाशी भांडण आहे ते इथंच. आत्रे यांची नजर कुणब्याच्या कणगीवर आहे. कोण किती नेतो याचा हिशेब ते चोख मांडतात, पण नेणाऱ्याच्या वाट्याला आलेल्या अपमानाचा हिशेब मला त्यात पुरेसा सापडला नाही. फिरस्त्यांविषयी तर ते फार कठोर होतात. पोटासाठी गाव सोडून फिरणाऱ्याकडे सरकारी अंमलदाराच्या डोळ्यांनी पाहिलेलं मला सोसलं नाही.

म्हणून हे पुस्तक एकटं वाचू नये. सोबत जोतीराव फुले यांचा 1883 सालचा ‘शेतकऱ्याचा असूड’ ठेवावा. फुल्यांचं मूळ गाव कटगुण आमच्याच खटाव तालुक्यातलं, आणि कुणबी का नागवला गेला याचं उत्तर ते थेट भटशाही आणि सरकारी खात्यांवर बोट ठेवून देतात. त्यानंतर दया पवार यांचं आत्मकथन ‘बलुतं’, 1978 चं. आत्र्यांच्या रकान्यात नसलेलं माणूसपण तिथं भेटतं. मी याच क्रमानं वाचली.

नोकरीतली एक गोष्ट सांगतो. सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ असा शेरा मी शेकडो वेळा लिहिला असेन. 1958 च्या कायद्यानं महार वतन, म्हणजे गावकामाबद्दल महारांकडे असलेला जमिनीचा हक्क, रद्द झालं, जमिनी मूळ वतनदारांना पुन्हा मिळाल्या, पण नवीन अटीवर, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येणार नाहीत अशा. समोर उभी असलेली म्हातारी कागद पुढं करून विचारायची, “भाऊसाहेब, ही जमीन आमची हाय का न्हाय?” मी नियम सांगायचो. ती जमीन कुठल्या राबणुकीबद्दल आली होती, हे तिला नीट विचारावं, असं मला एकदाही सुचलं नाही. त्याची खंत आहे.

विकत घेणाऱ्यांसाठी : स्वामित्वहक्क संपल्यामुळे बाजारात वेगवेगळ्या आवृत्त्या आहेत. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ घेतलेल्या माझ्या प्रतीत सोळा पानं दोनदा बांधलेली आणि पुढची सोळा गायब निघाली. दुकानदारानं न कुरकुरता बदलून दिली, पण टाईप इतका बारीक की भिंग लागलं. घेण्याआधी पानं चाळून बघा.

माझी प्रत आता पुतणीकडे आहे. ती यंदाच महसूल खात्यात लागली. परवा तिचा फोन आला, “तात्या, शेवटणं म्हणजे काय हो? तुम्ही समासात लिहिलंय.” अर्धा तास बोलत होतो.