नऊ महिने, एक वजनकाटा आणि 94.6

हा डिजिटल काटा मी ऑपरेशनच्या आठवडाभर आधी, जूनमध्ये घेतला. काचेचा, चौकोनी, 1,150 रुपयांचा. असे काटे सगळ्यांनी पाहिलेत, त्यामुळे वर्णन करत बसत नाही. माझी स्लीव्ह झाली आहे, म्हणजे वजन कमी करायला ऑपरेशननं जठराचा पाऊण भाग काढलेला. तेव्हा वय 47, उंची 155 सेंटिमीटर, वजन 118. ज्यांचं वजन भराभर उतरतं त्यांना या काट्याचा काही त्रास होणार नाही. ज्यांचं माझ्यासारखं मुंगीच्या चालीनं उतरतं, त्यांनी मात्र पुढचं नीट वाचा.

पहिले चार महिने तक्रार नव्हती. 118 चे 110, मग 104, मग 99. दिवाळीनंतर वेग पडला आणि डिसेंबरात आकडा 94.6 वर येऊन थांबला. रोज सकाळी उठल्यावर, चहाच्या आधी, त्याच गाऊनवर मी उभी राहायची. 94.6. असे सलग 23 दिवस.

माझ्याच आठवड्यात ऑपरेशन झालेल्या अक्कलकोटच्या एक ताई तोवर 36 किलोंनी उतरल्या होत्या. त्यांचा फोन आला की दिवसभर मन लागायचं नाही. घर गहाण टाकलं नाही एवढंच, पण ऑपरेशनसाठी यजमानांनी फंडातून पैसे काढले होते. ते वाया गेले असं वाटून मी रात्रीचं जेवण बंद केलं. ही माझी मोठी चूक. पोटात आधीच जागा थोडी, त्यात प्रोटीन निम्म्यावर आलं, जिना चढताना डोळ्यांपुढे अंधारी यायला लागली. काटा तरीही 94.6.

जानेवारीत आमच्या सोलापूरची गड्ड्याची, म्हणजे सिद्धेश्वरांची यात्रा आली. 68 लिंगांच्या तैलाभिषेकाच्या दिवशी नंदीध्वजांच्या, म्हणजे सजवलेल्या उंच काठ्यांच्या मिरवणुकीमागे मी उत्तर कसब्यातून चालत निघाले आणि दुपारपर्यंत चालत राहिले. आदल्या वर्षी पंधरा मिनिटांत गुडघे धरले होते आणि रिक्षानं घरी आले होते. यंदा जाऊबाईच म्हणाल्या, “अगं, जरा थांब की, दम लागला मला.” त्या रात्री पहिल्यांदा शंका आली, की पाय खरं सांगतात की काटा?

दुसऱ्या दिवशी काटा पिशवीत घालून नव्या पेठेत ज्या दुकानातून घेतला तिथे गेले. वॉरंटी वर्षाची होती. दुकानदारानं स्वतः उभं राहून पाहिलं आणि चार गिऱ्हाइकांपुढे म्हणाला, “काटा बरोबर हाय की ताई. वजनच कमी होत न्हाई तर काटा काय करणार?” मी काही न बोलता बाहेर आले. घरी येऊन खूप रडले. वजनाबद्दल आयुष्यभर ऐकलं आहे, पण पोट कापून घेतल्यावरही ऐकावं लागेल असं वाटलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी भावजींच्या भुसार दुकानातल्या पोती तोलायच्या काट्यावर उभी राहिले. 94.1. घरी आले. मुलगा गंमत म्हणून आमच्या काट्यावर चढला, त्याचे 61 आले. तो उतरल्याबरोबर मी चढले. 94.1!

मग आम्ही दोघांनी रात्री तपासणी केली. पाव किलो साखरेचा पुडा हातात घेऊन उभी राहिले, आकडा हलला नाही. अर्धा किलो घेतला, कधी हलला, कधी नाही. एक किलोला लगेच हलला. म्हणजे हा काटा मागचं वजन लक्षात ठेवतो, आणि नवं वजन त्याच्या जवळपास असेल तर जुनाच आकडा दाखवतो. आकडा स्थिर दिसावा म्हणून पुष्कळ घरगुती काट्यांत अशी सोय केलेली असते. माझं वजन तेव्हा आठवड्याला शंभर-दीडशे ग्रॅमनी उतरत होतं. तेवढं या काट्यानं 23 दिवस गिळून टाकलं. डब्यावर किंवा कागदावर याचा एक शब्द नाही, आणि माझा खरा राग त्यावर आहे.

उपाय सोपा आहे. आधी पाच किलो ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन उभं राहायचं, उतरायचं, पिशवी ठेवायची, मग नुसतं उभं राहायचं. खाली चादर किंवा सतरंजी नको. शहाबादी फरशी उंचसखल असेल तर तिथेही नको. आम्ही तो स्वयंपाकघरातल्या सपाट टाइल्सवर ठेवला.

इथवर लिहून काट्याला पाचपैकी एकच तारा देणार होते. पण फेब्रुवारीत पुण्याला तपासणीला गेले आणि मत थोडं बदललं. आहारतज्ज्ञ बाईंनी आठवडाभराची वही वाचली आणि शेंगा चटणीवर बोट ठेवलं. कडक भाकरी चार घासांत पोट भरते म्हणून मी चटणीच जास्त खात होते, दिवसातून दोनदा तीन-तीन चमचे. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेच्या वर कॅलरी. लहान झालेल्या जठरातूनही चटणी सहज सरकते, अडत नाही, पोट भरल्याची जाणीव होत नाही. शिवाय चार वेळा साखरेचा चहा. म्हणजे वेग मंदावला होता हे खरंच होतं. काट्यानं तो पूर्ण थांबल्याचं दाखवलं, एवढा त्याचा दोष.

डॉक्टरांनी दुसरा हिशोब मांडून दिला. माझ्या उंचीला 60 किलोपर्यंत चालतं, म्हणजे जादा वजन 58 किलो होतं. त्यातलं किती गेलं ते बघायचं, शेजारणीचं बघायचं नाही. मधुमेह जुना असला, वय जास्त असलं तर उतरायला वेळ लागतो, आणि मला दोन्ही आहे. रात्रीचं जेवण पुन्हा सुरू करायला लावलं, दिवसाला किमान 60 ग्रॅम प्रोटीन, आधी अंडं-पनीर-मटकी, मग भाकरी. चटणी एक चमचा, तीही दुपारीच. पावडरचा महागडा डबा मी आता आणत नाही. बाईंना विचारूनच तो अंड्यांवर आणि घट्ट दह्यावर भागवला.

पाचपैकी तीन तारे. दुकानदाराकडे परत गेले नाही. जाऊन त्याला साखरेच्या पुड्याची तपासणी दाखवायची आहे, इतर गिऱ्हाइकांसाठी तरी. काटा आता कपाटावर असतो, रविवारी खाली येतो. काल पिठाची पिशवी ठेवून उभी राहिले, 91.4. अठ्ठावन्नपैकी साडेसव्वीस किलोंच्या वर गेले.