सोन्याच्या भिंतीआडची चाकरी : ‘द सिटी ऑफ गोल्ड अँड लेड’

जॉन ख्रिस्तोफर यांची ‘द सिटी ऑफ गोल्ड अँड लेड’ ही कुमारांसाठीची इंग्रजी कादंबरी १९६७ साली प्रसिद्ध झाली. ‘ट्रायपॉड्स’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तीन पुस्तकांपैकी हे मधले पुस्तक आहे. मालिकेतले मधले पुस्तक बहुधा पहिल्यातले धागे तिसऱ्यापर्यंत नेऊन पोहोचवण्यापुरतेच उरते, पण येथे तसे झालेले नाही. माझ्या मते तिन्हींत हेच सर्वांत सकस आहे. शत्रूच्या घरात राहून त्याच्याशी एकनिष्ठ असल्याचे सोंग रोज, तासन्‌तास वठवणे म्हणजे काय, हे इतक्या बारकाईने सांगणारे पुस्तक या वयाच्या वाचकांसाठी क्वचितच लिहिले जाते.

पार्श्वभूमी थोडक्यात अशी आहे. परग्रहावरून आलेल्या जेत्यांनी पृथ्वी जिंकली त्याला बराच काळ लोटला आहे, शहरे ओस पडली आहेत आणि माणसे पुन्हा लहान गावांतून शेती, कारागिरी करून राहू लागली आहेत. तीन पायांची अजस्र धातूची यंत्रे, म्हणजे ट्रायपॉड, शेतांवरून फिरत असतात. मूल चौदा वर्षांचे झाले की त्याच्या डोक्यावर धातूच्या जाळीची टोपी कायमची बसवली जाते, आणि त्यानंतर त्या माणसाच्या मनात जेत्यांविषयी भक्तीशिवाय दुसरे काही उरत नाही. टोपी चढण्यापूर्वीच पळून गेलेले मोजके लोक आल्प्सच्या डोंगरांत लपून आहेत. इंग्लंडमधल्या एका खेड्यातला विल पार्कर हा मुलगा पहिल्या पुस्तकात त्यांच्यापर्यंत पोहोचतो, आणि सगळी कथा तोच आपल्या तोंडून सांगतो.

दुसऱ्या पुस्तकात डोंगरातल्या लोकांचा म्हातारा नेता ज्युलियस असे ठरवतो की, शत्रू कोण आहे, कसा दिसतो आणि त्याच्या मनात काय आहे हे कळल्याखेरीज लढाईला अर्थ नाही. हे कळण्याचा मार्ग एकच आहे. जर्मनीत दरवर्षी क्रीडास्पर्धा भरतात आणि त्यांतले विजेते जेत्यांच्या नगरीत सेवेसाठी पाठवले जातात. टोपीधारी लोकांना हा फार मोठा मान वाटतो, मात्र गेलेला एकही जण परत आलेला नसतो. विल, फ्रिट्झ आणि बीनपोल हे तिघे खोट्या टोप्या घालून तेथे उतरतात. विल मुष्टियुद्धात जिंकतो, फ्रिट्झ धावण्यात जिंकतो आणि बीनपोल हरतो. थोडक्यात, या स्पर्धेत जिंकल्याचे बक्षीस म्हणजे गुलामगिरी, आणि आपला नायक ती मिळावी म्हणून जिवाचे रान करतो. यापुढे कथानकाचा बराच भाग मी उघड करणार आहे. ज्यांना कोऱ्या मनाने वाचायचे असेल त्यांनी येथे थांबून पुस्तक मिळवावे.

नगरीत पाऊल टाकल्यावर लेखकाची खरी ताकद दिसते. सोनेरी तट, वर हिरवट पारदर्शक घुमट आणि आत जेत्यांच्या मूळ ग्रहासारखी हवा, तसाच उकाडा आणि तसेच गुरुत्वाकर्षण, अशी तिची रचना आहे. माणसाला ती हवा विषारी असल्याने गुलामांना मुखवटा घालून वावरावे लागते आणि त्यातले श्वास गाळणारे स्पंज वेळोवेळी बदलावे लागतात. मुखवटा मालकाच्या घरातल्या एका बंद खोलीत उतरवता येतो. तेवढ्या जागेत माणसाची हवा सोडलेली असते, जेवण, अंघोळ आणि झोप तेथेच उरकायची असते. अंगावरचे शिशाचे ओझे मात्र कधीच उतरत नाही. प्रत्येक पाऊल जड, हात उचलणे जड, नुसते उभे राहणेही जड. अशा शरीराने अंथरूण घालायचे, न्हाणीची व्यवस्था बघायची, मालकाची पाठ चोळायची. स्पर्धा जिंकून आलेली धडधाकट पोरे थोड्याच काळात वाकून म्हाताऱ्यासारखी दिसू लागतात.

या शारीरिक हालांमुळे सोंगाचा प्रश्न फार वेगळ्या पातळीवर जातो. साहसकथांतला हेर चतुर बोलून वेळ मारून नेतो. विलपाशी ती सोय नाही, कारण टोपी घातलेला माणूस चतुर बोलत नाही, त्याला कुतूहल नसते, तो प्रश्न विचारत नाही, त्याला राग येत नाही आणि किळसही येत नाही. तीन पायांचा, तीन डोळ्यांचा, तीन शुंडांचा, हिरव्या कातडीचा, शंकूच्या आकाराचा तो प्रचंड प्राणी पहिल्यांदा समोर येतो, तेव्हा विलच्या पोटात गोळा येतो, पण चेहऱ्यावर देवदर्शन झाल्याचा भाव ठेवावा लागतो. माहिती मिळवायला आलेल्या माणसाला माहिती विचारण्याचीच मुभा नाही, हा पेच लेखकाने पुस्तकभर ताणून धरला आहे आणि कोठेही सोयीस्करपणे सोडवून टाकलेला नाही. आपल्याकडच्या वाचकाला येथे आग्र्याची आठवण होणे साहजिक आहे. १६६६ साली शिवाजी महाराजांनी नजरकैदेत आजारपणाचे सोंग घेतले ते बाहेर पडण्यासाठी, तर विल सोंग घेतो ते आत शिरण्यासाठी आणि आत टिकण्यासाठी. त्यामुळे त्याच्या सोंगाला शेवटचा दिवस ठरलेला नाही, आणि त्यातली भीती वेगळ्या जातीची आहे.

मला सर्वांत मोलाची वाटली ती मालकांची वाटणी. फ्रिट्झच्या वाट्याला क्रूर मालक येतो, जो त्याला कारणाविना मारतो. विलचा मालक त्या मानाने मायाळू निघतो. त्याला माणसांविषयी जिज्ञासा आहे, तो विलशी गप्पा मारतो, त्याच्या गावाविषयी विचारतो आणि पाळीव प्राण्यावर करावे तसे त्याच्यावर प्रेम करतो. मार खाऊनही फ्रिट्झ नगरीची रचना, वाटा आणि यंत्रांच्या जागा टिपत राहतो. विलला मात्र मालकाच्या एकटेपणातून आणि बोलकेपणातून ते मिळते जे फ्रिट्झला कधीच मिळाले नसते. पृथ्वी कशी जिंकली, दूरचित्रवाणीच्या लहरींतून माणसांची मने आधी कशी ताब्यात घेतली, हे मालक त्याला सहज सांगून जातो. आणि मग सर्वांत भयंकर गोष्टही तो त्याच सहजतेने सांगतो. चार वर्षांनी त्यांच्या ग्रहावरून एक मोठे यान येणार आहे. त्यातली यंत्रे पृथ्वीची सगळी हवा बदलून जेत्यांना मानवेल अशी करतील, आणि मग येथे माणूस, पशू, झाड, काहीच जगणार नाही.

म्हणजे ज्या जिव्हाळ्याने हे गुपित विलपर्यंत पोहोचते, त्याच जिव्हाळ्याचा विश्वासघात करणे हे त्याचे कर्तव्य ठरते. लेखक यावर भाष्य करत नाही आणि वाचकाला काय वाटावे हेही सांगत नाही. मालकाचे प्रेम खरे आहे आणि तरीही ते प्रेम एका अख्ख्या ग्रहाच्या विनाशाआड येत नाही, एवढेच तो समोर ठेवतो. मायाळू जेता हा क्रूर जेत्याइतकाच जेता असतो, ही गोष्ट बारा वर्षांच्या वाचकाला इतक्या स्पष्टपणे आणि एकही प्रवचन न देता कळावी, याचे मला फार कौतुक आहे.

हाच मुद्दा ‘सौंदर्याच्या पिरॅमिड’मधल्या प्रसंगात अधिक टोचतो. पहिल्या पुस्तकात फ्रान्समधल्या एका किल्ल्यात विलला एलोईज ही सरदारकन्या भेटलेली असते. तेथल्याच एका स्पर्धेच्या समारंभात राणी म्हणून तिची निवड होते आणि ती आनंदाने ट्रायपॉडच्या सेवेला जाते. नगरीत मालक विलला कौतुकाने आपल्याकडचा संग्रह दाखवायला नेतो. फुलपाखरे टाचून ठेवावीत तशा सुंदर मुली तेथे काचेआड मांडलेल्या आहेत, आणि त्यांत एलोईज आहे. त्या क्षणी विलला ओरडता येत नाही, रडता येत नाही, पाय थबकू देता येत नाही, कारण टोपीधारी गुलामाला त्यात वावगे काही वाटणारच नाही. सबंध पुस्तकातला हा सर्वांत अवघड अभिनय आहे आणि तो जेमतेम काही परिच्छेदांत आटोपलेला असूनही मनातून जात नाही. थकलेले गुलाम स्वतःच्या पायांनी, समाधानाने, ‘सुखद मुक्तीच्या जागी’ मरायला जातात, तो भागही तसाच आहे. पुस्तक आले तेव्हा युरोपातल्या छळछावण्यांना जेमतेम बावीस वर्षे झाली होती, हे ध्यानात ठेवून ही पाने वाचावीत.

सोंग अखेर उघडे पडते. कसे, ते मी सांगत नाही. मात्र ज्या मुष्टियुद्धाने विलला नगरीत आणले, तेच त्या क्षणी त्याच्या कामी येते. जेत्यांच्या शरीरावर नाक आणि तोंड यांच्यामधली एक जागा नाजूक असते हे त्याला आधीच कळलेले असते, त्यामुळे हा शेवट ओढूनताणून आणल्यासारखा वाटत नाही. पुढे नगरीतून बाहेर वाहणाऱ्या नदीच्या वाटेने सुटका होते, परंतु फ्रिट्झ संशय येऊ नये म्हणून मागे थांबतो. त्या दोघांच्या निरोपात एकही भावनाविवश वाक्य नाही, आणि तरी तो निरोप फार जड आहे.

आता उणिवा. नगरीपर्यंत पोहोचण्याचा भाग लांबला आहे. नदीवरचा प्रवास, वाटेतले घोटाळे आणि स्पर्धा यांत पुस्तकाचा मोठा वाटा खर्च होतो आणि अधीर वाचक तेथे रेंगाळू शकतो. त्याहून गंभीर उणीव म्हणजे या जगात स्त्रियांना जागाच नाही. एलोईज आधी मोह म्हणून येते आणि नंतर काचेआडची वस्तू म्हणून. डोंगरातल्या लढ्यात एखादी मुलगी का नाही, हा प्रश्न आजची मुलगी विचारणारच, आणि पुस्तकापाशी त्याचे उत्तर नाही. फ्रिट्झच्या बाबतीतही मन हळहळते. दोघांपैकी अधिक शहाणा, अधिक सोशिक तोच आहे, पण निवेदन विलचे असल्याने त्याच्या वाट्याचे दिवस आपल्याला तुटक वाक्यांतूनच कळतात. आपला निवेदक उतावीळ आहे आणि चुका करतो हे लेखकाला ठाऊक आहे, हा मात्र गुणच मानावा लागेल.

लेखकाचे खरे नाव सॅम यूड. १९२२ साली इंग्लंडमध्ये जन्मलेल्या या माणसाने दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराच्या संदेशवहन दलात नोकरी केली आणि पुढे अनेक टोपणनावांनी विपुल लेखन केले. २०१२ साली ते वारले. त्यांची भाषा साधी, कोरडी आणि नेमकी आहे. इंग्रजी माध्यमात नसलेला आठवी-नववीचा विद्यार्थीही शब्दकोश फारसा न उघडता हे पुस्तक वाचू शकेल. भीषण प्रसंग आहेत, पण रक्ताची वर्णने नाहीत. अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या हाती ते द्यायला माझी हरकत नाही, मात्र काचेआडच्या मुलींचा भाग वाचून झाल्यावर त्याच्याशी बोलायला घरात कोणी मोठे माणूस असावे.

विकत घेताना हे एकटे पुस्तक घेऊ नये. ‘द व्हाइट माउंटन्स’ हे पहिले पुस्तक वाचल्याशिवाय टोपीची दहशत आणि एलोईजची ओळख होत नाही, आणि फ्रिट्झचे काय झाले हे १९६८ साली आलेल्या ‘द पूल ऑफ फायर’ या तिसऱ्या पुस्तकातच कळते. १९८८ साली लेखकाने आक्रमणाची सुरुवात सांगणारे आणखी एक पुस्तक लिहिले, ते शेवटी वाचलेले बरे, कारण ते आधी वाचले तर मालकाच्या तोंडून उलगडणारा इतिहास शिळा होतो. बीबीसीने १९८४ आणि १९८५ साली या कथेवर दूरचित्रवाणी मालिका केली होती, पण दोन पर्वांनंतर ती बंद पडली आणि तिसऱ्या पुस्तकाचा भाग झालाच नाही. त्यामुळे मालिका पाहून काम भागणार नाही. तिन्ही पुस्तके एकत्र मिळत असतील तर एकत्र घ्यावीत, आणि वाचनालयातून आणायची असतील तर दुसरे परत करण्यापूर्वी तिसरे शिल्लक असल्याची खात्री करून घ्यावी.