कानाझावात खासगी गाइडबरोबर पायी फिरणं : सहा महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या नोव्हेंबरात मी आणि नवरा आईला घेऊन जपानातल्या कानाझावाला गेलो तेव्हा चार तासांच्या खासगी गाइडचे २८,००० येन मोजले. माणशी नव्हे, आम्हा तिघांचे मिळून. पण तरीही २८,०००. आमच्या टोकियोतल्या, निशी-कासाईच्या घरात तेवढ्यात बराचसा महिन्याचा किराणा येतो. त्यात घरी परतल्यावर चौथ्या दिवशी कार्डावरून आणखी ४,००० येन गेल्याचा मेसेज आला. कारण : अर्धा तास जादा. त्याच रात्री मी रागाने तीन ओळी लिहिल्या होत्या आणि तिसरी ओळ ‘कुणीही घेऊ नका’ अशी होती. त्या कुठे टाकल्या नाहीत हे बरंच झालं, कारण त्यानंतर जानेवारीत आणि एप्रिलमध्ये पुन्हा तिथे जाणं झालं आणि माझं मत दोनदा बदललं.

आधी भांडणाचं सांगते, कारण ते कुणाच्याही वाट्याला येऊ शकतं. कानाझावा स्टेशनला दोन बाजू आहेत. पूर्वेची केनरोकुएन बागेकडची, जिथे तो प्रसिद्ध लाकडी त्सुझुमी दरवाजा आहे (त्सुझुमी म्हणजे आपल्या डमरूसारखं वाद्य, त्याच्या आकाराचे खांब), आणि पश्चिमेची बंदराकडची. एजन्सीच्या मेलमध्ये भेटायची जागा पश्चिमेची लिहिलेली होती. आम्ही बरोबर दहाला तिथे उभे. गाइडबाई बरोबर दहाला पूर्वेला, डमरूखाली उभ्या. एकमेकांना सापडेपर्यंत २५ मिनिटं गेली आणि आईची निम्मी ताकद त्या स्टेशनातच खर्च झाली. बाईंनी स्वतःहून सगळा कार्यक्रम पूर्ण केला, अडीच वाजता आम्हाला बसस्टॉपवर सोडलं. एजन्सीने मात्र दहापासून मीटर धरला आणि जादा अर्धा तास आमच्या नावावर लावला.

पाच मेल केले. प्रत्येक उत्तरात नम्र माफी आणि ‘तपासून कळवतो’. मी त्यांच्याच मेलचा फोटो त्यांनाच पाठवला, तरी सात आठवडे लागले. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पैसे परत आले, एका ओळीचंही स्पष्टीकरण न देता. चूक त्यांची होती, हे त्यांनी एकदा लिहायला हवं होतं. त्याबद्दल माझा राग आजही तसाच आहे.

आता मुद्द्याचं. आई ७१ वर्षांची आहे. दोन्ही गुडघे दुखतात, पण ‘मला काही होत नाही’ असं म्हणत चालत राहते आणि रात्री पाय चोळत बसते. आणि कानाझावात सतत पाऊस. तिथे एक म्हणच आहे : डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस. आम्ही नागामाची या जुन्या सामुराई वस्तीत शिरलो तेव्हा भुरभुर चालू होती. पाचच मिनिटांत आई एका भिंतीला हात टेकून उभी राहिली. मी ‘थांबूया का’ विचारणार, एवढ्यात गाइडबाई पुढे गेल्या. कोपऱ्यावरचं ओलं बाक त्यांनी पिशवीतल्या छोट्या टॉवेलने पुसलं, मग पिशवीतूनच फोमचं घडीचं आसन काढलं, उलगडलं आणि आईपुढे दोन्ही हातांनी धरलं. करड्या रंगाचं, वहीएवढ्या घडीचं. शंभर येनच्या दुकानात मिळतं, करासकट ११० येनला.

त्या चार तासांत ते आसन मी सात वेळा उघडलेलं मोजलं. सहलीच्या माहितीपत्रकात इतिहास होता, वास्तुकला होती, ‘स्थानिक जीवनाची झलक’ होती. आसनाबद्दल एक शब्द नव्हता. आमच्यासाठी मात्र सगळी सहल त्या आसनावर उभी होती. बाईंनी कुठे थांबायचं, कुठे बोलायचं हे आईच्या गुडघ्यांवरून ठरवलं. एकदाही ‘तुमची आई दमली आहे’ असं म्हटलं नाही. ‘ही गोष्ट इथे बसून ऐकली तर बरी’, एवढंच म्हणायच्या. ‘२१व्या शतकातील समकालीन कला संग्रहालया’त तिकिटाशिवाय जाता येतं अशा भागात सशाच्या कानांसारख्या पाठीच्या खुर्च्या आहेत. तिथेही आम्ही फक्त बसायला गेलो. आणि बसून ऐकलेल्या गोष्टीच आमच्या लक्षात राहिल्या. चालता चालता सांगितलेलं मला आज अर्धंही आठवत नाही.

नागामाचीचंच बघा. दुसऱ्या महायुद्धात या शहरावर बॉम्ब पडले नाहीत, म्हणून जुन्या गल्ल्या जागच्या जागी आहेत. दोन्ही बाजूंना पिवळसर मातीच्या भिंती, शेजारून ओनोशो कालव्याचं पाणी. बाईंनी सांगितलं की डिसेंबरात या भिंतींना गवताच्या चटया बांधतात, कारण मातीत मुरलेलं पाणी थंडीत गोठलं की भिंतीचे पापुद्रे सुटतात. मी भाषांतर करायच्या आधीच आईने हाताने भिंतीवर काहीतरी बांधल्यासारखं केलं. तिचं माहेर राजापूरकडचं. तिच्या लहानपणी पावसाळ्याआधी मातीच्या भिंतींना झावळ्यांची झापं बांधायचे. तिकडे पावसासाठी, इकडे बर्फासाठी. त्या दोघी मिनिटभर हातवारे करून एकमेकींना गाठी मारून दाखवत होत्या. मी आणि नवरा नुसते बघत उभे होतो. मग बाई म्हणाल्या, चटया बघायच्या तर हिवाळ्यात या. आईने ते मनावर घेतलं.

केनरोकुएनला निघण्याआधी बाईंनी विचारलं, ‘आईंचा पासपोर्ट आहे ना बरोबर?’ वयाचा पुरावा दाखवला की ६५ वर्षं पूर्ण झालेल्यांना तिथे तिकीट नाही. आम्हा दोघांचे ३२० प्रमाणे गेले, आईचे वाचले. एजन्सीच्या मेलमध्ये हे नव्हतं. ३२० येन म्हणजे काही मोठी रक्कम नाही, पण जी व्यक्ती माझे ३२० येन वाचवायची आठवण ठेवते तिच्यावर माझा विश्वास बसतो.

बागेत झाडांना दोऱ्या बांधायचं काम १ नोव्हेंबरला सुरू होतं, आणि सुरुवात कारासाकीच्या पाइनपासून होते. हे झाड इथे राज्य करणाऱ्या माएदा घराण्याच्या तेराव्या सरदाराने बिवा सरोवराकाठच्या कारासाकीहून बी आणवून वाढवलेलं. उंच खांबाच्या टोकापासून प्रत्येक फांदीला दोरी, उघडलेल्या छत्रीच्या काड्यांसारखी. इथला बर्फ ओला आणि जड असतो, आधार नसेल तर फांद्या मोडतात. त्याच बागेत पंपाशिवाय उडणारं कारंजं आहे. वरच्या तळ्याच्या पातळीच्या जोरावर पाणी साडेतीन मीटरपर्यंत चढतं. त्यामागे १६३२चा तात्सुमी कालवा आहे. आदल्या वर्षी शहराला मोठी आग लागली होती. किल्ल्यात पाणी हवं, म्हणून इताया हेइशिरो नावाच्या माणसाने कित्येक किलोमीटरवरून पाणी आणलं आणि शेवटी नळातून खाली उतरवून पुन्हा वर किल्ल्यात चढवलं. आधी लाकडी नळ होते, पुढे दगडी. हे बाईंनी आम्हाला तळ्याकाठच्या बाकावर, दोन पायांच्या त्या दगडी दिव्यासमोर बसवून सांगितलं. नवरा पाणीपुरवठ्याच्या कामातला माणूस, त्याचे प्रश्न संपेनात आणि बाईंची उत्तरंही.

जेवणाचं सगळ्यांना माहीतच आहे : शाकाहारी माणसाने ‘मासे नको’ सांगून भागत नाही, कारण सुपाच्या पाण्यात, भाजीत, सगळीकडे दाशी, म्हणजे सुक्या माशाचा अर्क असतो. आईने धपाटे आणि लसणाची चटणी बांधून आणली होती. प्रश्न होता खायचं कुठे. ओमिचो बाजारात चालता चालता खाऊ नका असं सांगतात, हॉटेलात डबा उघडता येत नाही. बाईंनी किल्ल्याच्या मैदानाकडेच्या बाकावर आसन टाकलं, आईला तिथे जेवू दिलं आणि तेवढा वेळ भिंतीच्या दगडांबद्दल आमच्याशी बोलत राहिल्या. धपाट्याचा तुकडा घेतला, चटणीला मात्र नको म्हणाल्या. डब्याचे कागद आम्ही परत बॅगेत भरले; जपानात कचराकुंडी शोधण्यात वेळ घालवू नये.

न आवडलेलंही सांगायला हवं. हिगाशी चाया या १८२०च्या चहाघरांच्या वस्तीत बाईंचं बोलणं पाठ केल्यासारखं झालं. बारीक लाकडी जाळ्यांची घरं सुंदर आहेत, पण गर्दी इतकी की ऐकू येत नव्हतं. मग सोन्याच्या वर्खाच्या दुकानात वीस मिनिटं गेली. जपानातला जवळपास सगळा, ९९ टक्के वर्ख या एका शहरात होतो, जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढी, हे ऐकायला दोन मिनिटं पुरतात. चार तासांचे २८,००० म्हणजे मिनिटाला सुमारे ११७ येन. त्या हिशेबाने दुकानात २,३०० येन बसले आणि मी काहीही विकत घेतलं नाही. बाईंना तसं स्पष्ट सांगितलं. त्यांनी लगेच मान्य केलं, आधी विचारायला हवं होतं म्हणाल्या. पाच मेलमध्ये एजन्सीला जे जमलं नाही ते त्यांनी एका वाक्यात केलं.

डिसेंबर संपेपर्यंत माझं मत असं होतं : माणूस चांगला, सौदा महाग.

ते जानेवारीत बदललं. आईचं परतीचं विमान २० तारखेचं होतं आणि तिला चटया बघायच्याच होत्या. याच गाइडबाईंना थेट विचारलं तर त्यांनी नम्रपणे नकार दिला. ओळख एजन्सीमार्फत झाली, तेव्हा बुकिंगही तिथूनच व्हावं. मला राग आला आणि आदरही वाटला. कमीत कमी दोन तास, १६,००० येन. त्या एजन्सीला पुन्हा पैसे देताना मला बराच वेळ विचार करावा लागला. आईने मात्र तोवर जुन्या सुती साडीच्या तुकड्यांचं गोधडीच्या टाक्यांनी एक आसन शिवलं होतं, घडी घालून पिशवीत मावेल असं. खालून प्लॅस्टिकचं अस्तर, ओलं लागू नये म्हणून. ते द्यायचं म्हणजे जायलाच हवं होतं.

नागामाचीत भिंतींवर चटया होत्या, वर बर्फाची ओळ. आई दहा मिनिटं नुसती गाठी बघत होती. बाईंनी आसन दोन्ही हातांनी घेतलं, उलटून टाके पाहिले, बोटांनी मोजले. बसल्या मात्र नाहीत त्यावर. आधी आईला बसवलं. त्या दोन तासांत आम्ही तीनच ठिकाणं पाहिली आणि मला एकाही मिनिटाचा हिशेब करावासा वाटला नाही.

एप्रिलमध्ये दोन मैत्रिणींबरोबर गेले, पैसे देऊन गाइड न घेता. नागामाचीत आणि हिगाशी चायात शहराची मोफत विश्रांतिगृहं आहेत, तिथे ‘माइदोसान’ नावाचे स्वयंसेवक बसतात आणि फुकट फिरवून आणतात. आम्हाला भेटलेले आजोबा जपानीच बोलत होते. मला निम्मं कळलं, तेही पुष्कळ होतं. इंग्रजी बोलणारे स्वयंसेवक गाइडही मिळतात, पण आधी कळवावं लागतं, आणि त्यांचं भाडं, तिकीट आपण द्यायचं. साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलांच्या दिवसांत केनरोकुएन काही दिवस सगळ्यांनाच मोफत असते, गर्दीही तशीच. पाय धड असतील, तिघी-चौघी हसत-खिदळत फिरणार असाल, तर एवढं पुरे आहे. २८,००० खर्चू नका. बरोबर आई-वडील असतील तर मात्र दोन तासांचा खासगी गाइड घ्या, चार तासांचा नको. चौथ्या तासाला कुणाचंच लक्ष राहत नाही.

घेताना सरकारी परवानाधारक गाइड आहे का ते विचारा. १९४९च्या कायद्याने परवाना सक्तीचा होता. २०१८च्या जानेवारीपासून परवाना नसलेलेही पैसे घेऊन फिरवू शकतात, फक्त ती पदवी लावू शकत नाहीत. दोघांचे दर सारखेच दिसतात, म्हणून विचारायचं. प्रवेशशुल्कात गाइडचं तिकीट कोण काढणार, दुकानं वगळता येतील का, वेळ कुठून मोजणार, हेही लेखी घ्या. वेगळी टिप द्यायची पद्धत नाही. आम्ही घरचे रव्याचे लाडू दिले, ते चालले. आणि एक प्रश्न माझ्याकडून नक्की विचारा : वाटेत बसायला कुठे कुठे मिळेल? उत्तर किती नेमकं येतं त्यावरून माणूस कळतो.

मेच्या शेवटी सासूबाई येतायत. त्याच बाईंचे दोन तास बुक केलेत. भेटायची जागा मेलमध्ये दोनदा लिहून घेतली आहे : पूर्वेचा दरवाजा, डमरूखाली.