कालिकेच्या यात्रेतला भूतबंगला: रंग बदला, पण ते वळण राहू द्या

पाचव्या माळेला संध्याकाळी भाचीला घेऊन नाशकातल्या कालिकेच्या यात्रेत गेलो. आधी देवीचं दर्शन, मग नेहमीप्रमाणे सरळ भूतबंगला. तिकीट ८० रुपये, गेल्या वर्षी ६० होतं. रांगेत उभे राहिलो आणि दोघांचंही लक्ष एकदमच दर्शनी भागाकडे गेलं. डावीकडच्या चार फळ्यांवर पांढरा प्रायमर मारलेला. हडळीचा अर्धा चेहरा गेला होता. एक डोळा, विस्कटलेले केस आणि पुढे आलेला हात, एवढंच शिल्लक.

भाची म्हणाली, "मामा, थीम बदलतायत."

मी गणपतीचे देखावे रंगवतो. पंचवटीतल्या आणि जुन्या नाशकातल्या मंडळांची कामं करता करता अठ्ठावीस वर्षं झाली. त्यामुळे हडळ पुसलेली बघून पोटात कालवलं. ती कोणी काढली मला माहीत नाही, पण माणूस तयारीचा होता. केस सपाट ब्रशच्या कडेने वरून खाली एका दमात ओढलेत, कुठे दुसरा हात फिरवलेला नाही. बुबुळं डोळ्यांच्या बरोबर मध्यावर ठेवलीत, म्हणून रांगेत कुठेही उभे राहा, ती आपल्याकडेच बघते. ऑइल पेंटचं काम, इतक्या पावसाळ्यांत रंग फिका पडला पण पोपडे निघाले नाहीत. लहानपणी वडिलांच्या खांद्यावरून मी याच बाईला घाबरून डोळे मिटायचो.

आता फेरीबद्दल. दोघांची लोखंडी गाडी, खाली एकच रूळ, वीज त्यातूनच. दार धाडकन उघडतं, आत गेलं की मागे आपटतं. सुरुवातीला डावीकडे सांगाडा उठतो, मग उजवीकडे शवपेटीचं झाकण उडतं. हे सगळं कसं चालतं ते आमच्या धंद्यातल्या माणसाला लगेच कळतं. रुळाशेजारी पट्टी असते, चाक तिच्यावरून गेलं की स्विच दबतो, दिवा लागतो, मोटारीच्या वायपरच्या मोटरवर लावलेला हात हलतो. झाकणाला कॉम्प्रेसरची हवा. आमचे हलते देखावे याच सामानावर चालतात.

त्यानंतर येतं ते वळण, आणि ८० रुपये खरे तिथे वसूल होतात. गाडी डावीकडे वळते आणि काहीच होत नाही. दिवा नाही, आवाज नाही, बाहुली नाही. सात-आठ सेकंद फक्त काळोख आणि चाकांची करकर. मग वरून ओल्या सुतळ्या चेहऱ्यावरून सरकतात. एवढंच. भाचीने दहाव्यांदा ही फेरी केली असेल, तरी त्या वळणावर तिने माझं मनगट धरलं. ज्याने हे आखलं त्याला माणसाचं मन कळत होतं. सतत काही ना काही दाखवत राहिलं तर भीती बसत नाही, मध्ये जागा रिकामी ठेवावी लागते.

वळणानंतर विहीर. गाडी काठाशी थांबते, आपण वाकून बघतो, आणि खाली दिव्यांची कडी, तिच्याखाली कडी, पुन्हा कडी, तळच नाही. खरं तर ती वीतभर खोलीची पेटी आहे. खाली आरसा, वर अर्धी आरपार दिसणारी काच, मध्ये गोल दिव्यांची माळ. उजेड दोन्हींच्या मध्ये ये-जा करत राहतो आणि प्रत्येक खेपेला थोडा मंद होतो, म्हणून खोल दिसतं. काच यंदा स्वच्छ पुसलेली होती, त्याबद्दल चालवणाऱ्यांचं मनापासून कौतुक. धूळ बसली की हा सगळा खेळच जातो.

बाहेर आलो आणि मग तपास सुरू झाला. भाची डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, जगभरातल्या पार्कांच्या राईड्सचे नकाशे तिला तोंडपाठ. ती बंगल्याच्या मागे जाऊन आली. निळ्या ताडपत्रीखाली फायबरचे सुटे भाग, त्यातून बाहेर आलेलं एक शेपूट, हिरवट, खवल्यांचं, मांडीएवढं जाड. एक पोरगा टेप घेऊन वळणाच्या भिंतीचं माप घेत होता. आणि तिकिटावर दरवर्षी 'भूतबंगला' छापलेलं असतं, यंदा नुसतं 'शो'. विचारलं तर पोरगा म्हणाला, "काका, पुढच्या साली बघा ना."

मुंबई नाक्याच्या टपरीवर चहा घेताना आमची चांगली तासभर जुंपली. माझा रिक्षावाला मित्र म्हणतो डायनासोरच, शेपूट दुसऱ्या कुणाचं असणार? फ्रेमवाला म्हणतो मगर, म्हणजे पाताळलोक. एकाने शूर्पणखा सुचवली, शहराला नाव जिच्या नाकावरून पडलं म्हणतात तिचाच बंगला पंचवटीच्या गावात नको का? गंगापूर रोडला राहणारे मेव्हणे म्हणाले, बिबट्या करा, आमच्या कॉलनीत बंगल्याच्या आवारात येतो तो, त्याला वेगळं रंगवायलाही नको. मला बिबट्या फार आवडला. त्या काळोख्या वळणावर नुसते दोन डोळे चमकले तरी पुरे. पण खवले बिबट्याला नसतात, तेव्हा ती आशा सोडली.

भाचीचं म्हणणं मात्र सगळ्यांपेक्षा वेगळं होतं. "शेपटावरून काय येणार ते कळेल. पण माप वळणाचं घेतायत, मामा. म्हणजे एकतर गाडी मोठी येणार, नाहीतर तिथे काहीतरी उभं करणार."

माझी झोप उडवली ती याच वाक्याने.

तिनेच मग अमेरिकेतली गोष्ट सांगितली. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये १९८९ साली स्प्लॅश माउंटन नावाची पाण्याची राईड सुरू झाली, ओंडक्यासारख्या होडीत बसून शेवटी साडेबावन्न फुटांवरून खाली. पुढे तशीच डिस्नेच्या फ्लोरिडातल्या आणि टोकियोतल्या पार्कांतही आली. तिची गोष्ट १९४६ च्या एका सिनेमावरची, आणि त्यात काळ्या लोकांचं जे चित्रण होतं त्यावर टीका होत आलेली. जून २०२० मध्ये डिस्नेने जाहीर केलं की अमेरिकेतल्या दोन्ही राईड्सची गोष्ट बदलणार. फ्लोरिडातली जानेवारी २०२३ मध्ये बंद झाली, कॅलिफोर्नियातली मे अखेरीस. लोकांनी तिथलं पाणी बरण्यांत भरून इंटरनेटवर विकायला ठेवलं होतं. २०२४ मध्ये दोन्ही ठिकाणी टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर या नावाने ती पुन्हा उघडली, आधी जूनमध्ये फ्लोरिडात, मग नोव्हेंबरात कॅलिफोर्नियात. टोकियोतल्या पार्कात १९९२ ची जुनी अजून चालू आहे.

मी विचारलं, पाण्याची वाट बदलली का? ती म्हणाली, नाही, तीच वाट, तोच उतार. आत बाहुल्या, गाणी, रंग नवे. आणि तिने आणखी एक सांगितलं ते मला फारच पटलं: कॅलिफोर्नियातल्या त्या जुन्या राईडमधल्या बऱ्याचशा बाहुल्या मुळात दुसऱ्याच खेळातल्या होत्या. १९८८ मध्ये तिथला एक गाण्याचा कार्यक्रम बंद केला आणि त्यातले प्राणी उचलून इकडे बसवले. आम्ही मंडळात हेच करतो. गेल्या वर्षीचा रावण पुढच्या वर्षी कंस होतो, मुकुट आणि मिशा बदलतात, आतला सांगाडा तोच. त्यात कमीपणा काही नाही. चांगलं वळवलेलं लोखंड वाया घालवू नये.

तिथल्याच हाँटेड मॅन्शनचं तर आणखी छान. १९६९ सालचा भुतांचा वाडा, त्यात तिरप्या काचेवर प्रतिबिंब पाडून नाचणारी भुतं दाखवतात. ही काचेची युक्ती लंडनच्या रंगमंचावर १८६२ पासूनची. (आपल्या त्र्यंबकेश्वरात जन्मलेले दादासाहेब फाळकेही आडनाव उलटं करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादूचे प्रयोग करत. असल्या नजरबंदीशी आपल्या जिल्ह्याचं नातं जुनं आहे.) तर त्या वाड्याला २००१ पासून दरवर्षी सणाच्या दिवसांत नवा साज चढवतात आणि जानेवारीत उतरवून ठेवतात. वाडा शाबूत. आपल्याकडेही हे जमेल. बंगला तोच ठेवा, एका वर्षी पाताळ करा, एका वर्षी जंगल. फळ्या बदलायला दोन दिवस लागतात, मी स्वतः येऊन रंगवून देईन.

काय काढून टाकावं तेही सांगतो. शेवटच्या टप्प्यातली कर्ण्यावरची किंकाळी काढा, आवाज फाटतो आणि लहान पोरं कान धरून रडतात. रबरी मुखवटे उसवलेत, आतला फोम दिसतो. आणि सगळ्यात आधी दुरुस्त करा ती आपल्याला जागेवर धरून ठेवणारी गाडीची आडवी दांडी. आमच्या गाडीत ती खटक्यात बसेना, पोराने दोनदा हाताने ठोकली तेव्हा बसली. गाडी हळू चालते हे मान्य, पण दांडी पहिल्या झटक्यात बसलीच पाहिजे. मी उतरल्यावर हे तिथे सांगितलं, त्यांनी ऐकून घेतलं, दुसऱ्या दिवशी ती गाडी बाजूला काढलेली दिसली. हे बघून बरं वाटलं.

जायचं असेल तर सातव्या माळेच्या आत जा, आणि अंधार पडल्यावर साडेसात-आठला. दिवसा फटीतून उजेड येतो, वळणाची मजा अर्धी होते. रविवारी रांग पाऊण तासाची असते. सहा वर्षांखालचं पोर नेऊ नका. पाठीमागची गाडी मागा, पुढच्यांची ओरड आधी ऐकू येते आणि तिचीच जास्त भीती वाटते.

नवव्या माळेला मी एकटाच परत गेलो. आणखी दोन फळ्या पांढऱ्या झाल्या होत्या, डोळा अजून होता. मालक खुर्ची टाकून बसले होते. म्हटलं, मालक, या डोळ्याच्या आणि हाताच्या फळ्या फेकू नका, मी विकत घेतो. ते जरा वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, पैशांचं नंतर बघू, यात्रा उठली की या.

टेम्पोवाल्याला सांगून ठेवलंय.