खोटारड्यांचे दहा प्रकार आणि एक जुने इंग्रजी पुस्तक

पुण्याच्या अप्पा बळवंत चौकात स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांमध्ये नॉर्मन लुईस यांचे ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ हमखास आढळते. १९४९ साली अमेरिकेत प्रथम प्रसिद्ध झालेले आणि १९७८ मध्ये सुधारून वाढवलेले हे पुस्तक आपल्याकडे बहुतेक जण परीक्षेपुरते चाळतात. माणसाचा स्वभाव आणि वागणूक यांविषयी इंग्रजीत नेमके बोलता यावे म्हणून ते वाचणारे थोडेच. वास्तविक पुस्तकाचा सर्वांत कसदार भाग तोच आहे.

लुईस वर्णानुक्रमे यादी देत नाहीत, तर एका कल्पनेभोवती शब्द गोळा करून त्यांच्यातील सीमारेषा आखून देतात. स्वार्थ आधी पाहणारा तो ‘इगोइस्ट’ आणि सतत स्वतःचीच टिमकी वाजवणारा तो ‘इगोटिस्ट’, हा एका अक्षराचा भेद चांगले इंग्रजी लिहिणारेही विसरतात. पुढे ‘मिसअँथ्रोप’, ‘मिसॉजिनिस्ट’ आणि ‘मिसॉगॅमिस्ट’ हे अनुक्रमे मनुष्यजात, स्त्रिया आणि विवाह यांचा तिटकारा असणारे तिघे एकाच ग्रीक धातूवरून उलगडतात. शाळेत संस्कृत शिकलेल्या मराठी वाचकाला ही पद्धत परकी वाटत नाही. ‘कंजेनिटल’ (जन्मजात) मधील ‘जेन’ आणि आपला ‘जन्’ हा धातू एकाच कुळातले आहेत, हे लेखकाने न सांगताही त्याच्या लक्षात येते.

मला सर्वाधिक आवडते ते खोटारड्यांवरचे प्रकरण. ज्याचा खोटेपणा जगजाहीर आहे तो ‘नटोरियस’, खोटे बोलण्यात कमालीचा तरबेज तो ‘कन्समेट’, कितीही समजावले तरी न सुधारणारा तो ‘इनकॉरिजिबल’, ज्याला त्याची खंतच वाटत नाही तो ‘अनकॉन्शनेबल’ आणि ज्याच्या जिभेवरून थाप सहज घरंगळते तो ‘ग्लिब’, अशी दहा विशेषणे तेथे ओळीने उभी राहतात, आणि वाचताना ओळखीपाळखीतले चेहरे आपोआप त्या त्या जागी जाऊन बसतात. शत्रूंचा पाणउतारा करण्याच्या शब्दांचे प्रकरणही असेच खुमासदार आहे. शिस्तीचा अतिरेक करणाऱ्या वरिष्ठासाठीचा ‘मार्टिनेट’ हा शब्द चौदाव्या लुईच्या फौजेतील कवायत घेणाऱ्या अधिकाऱ्याच्या नावावरून आला, हे एकदा वाचले की पुन्हा पाठ करावे लागत नाही.

भावनांच्या बाबतीत मात्र पुस्तक तोकडे पडते. ‘नॉस्टॅल्जिया’ (गतकाळाची हुरहूर), ‘कमिझरेट’ (दुसऱ्याच्या दुःखात सहानुभूती दाखवणे), ‘व्हॅसिलेट’ (मन दोलायमान होणे) असे शब्द वेगवेगळ्या प्रकरणांत भेटतात. परंतु चिडचिड, संताप, सात्त्विक संताप आणि मनात धरून ठेवलेला राग यांच्यासाठीचे इंग्रजी शब्द शेजारी ठेवून त्यांतील अंतर दाखवणारे स्वतंत्र प्रकरण नाही. शिवाय सगळा भर माणसाला नाव देण्यावर आहे. अमुक शब्द अर्जात शोभेल की केवळ गप्पांत, तो तोंडावर उच्चारला तर समोरचा दुखावेल का, हे एकोळी उदाहरणांवरून कळत नाही, आणि त्यासाठी इंग्रजी वृत्तपत्रांतील अग्रलेख किंवा कादंबऱ्या सोबत वाचाव्याच लागतात. भांडखोर स्त्रीसाठीचा ‘व्हिरागो’ तर आज जपूनच वापरावा.

रिकाम्या जागा आणि जोड्या लावण्याचे सराव कंटाळवाणे वाटले तरी ते गाळू नयेत. उत्तर मोठ्याने म्हणण्याचा लेखकाचा आग्रहही रास्त आहे. उच्चार अमेरिकन असून शब्दाच्या ज्या भागावर आघात, म्हणजे जोर, द्यायचा तो ठळकपणे दाखवला आहे, आणि मराठी माणसाची गाडी नेमकी आघातापाशीच अडते. म्हणूनच पदपथावरची पुसट छपाईची नक्कल प्रत घेऊ नये: तीत अस्पष्ट ‘अ’चा उच्चार दाखवणारा उलटा ‘ई’ (ə) आणि आघाताच्या खुणा धड वाचताच येत नाहीत.